ज्वरवृक्षाची साल : सिंकोनाचा औषधी उपयोग आणि सुरक्षितता – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत वाढणाऱ्या सिंकोना वृक्षाची साल सतराव्या शतकापासून ज्वरावरील औषध म्हणून जगभर वापरली गेली. या सालीचा इतिहास बहुधा वसाहतवाद, व्यापार किंवा वैद्यकातील शोध या अंगांनी लिहिला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात तोच इतिहास औषधाची मात्रा व सुरक्षितता या दृष्टिकोनातून तपासला आहे. साल औषधी होती, परंतु ती विश्वासार्ह औषध कोणत्या टप्प्यांनी झाली, तिचे अपाय केव्हा व कसे लक्षात आले आणि ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ या आजच्या समजुतीला हा इतिहास काय उत्तर देतो, यांचा विचार येथे केला आहे.

बीजशब्द : सिंकोना, क्विनीन, हिवताप, मात्रा, प्रमाणीकरण, दुष्परिणाम

प्रस्तावना

वनस्पतिजन्य औषध निसर्गातून आलेले असते, म्हणून त्यापासून अपाय होत नाही, अशी समजूत सुशिक्षित समाजातही दृढ आहे. परदेशी वनस्पतींची चूर्णे, काढे व कॅप्सूल आज सहज उपलब्ध आहेत आणि त्यांच्या वेष्टनावर ‘परंपरेने सिद्ध’ असे शब्द आवर्जून छापलेले असतात. परंपरेने सिद्ध म्हणजे नेमके काय सिद्ध, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. उपयोग सिद्ध झाला असेल, तर कोणत्या आजारात? किती मात्रेत? आणि अपाय झाले असतील, तर त्यांची नोंद कोणी ठेवली? हे प्रश्न वैद्यकाचे आहेत तसेच इतिहासाचेही आहेत.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी सिंकोनाइतके दुसरे बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. महाराष्ट्रातील मागील पिढ्यांना ‘कोयनेल’ हा शब्द परिचयाचा होता. हिवतापाची थंडी भरली की कोयनेलची कडूजहर गोळी घ्यावी लागे आणि ती घेतल्यावर कानात गुणगुण सुरू होई, ही आठवण अनेक घरांतील वडीलधाऱ्यांकडून ऐकावयास मिळते. या आठवणीत औषधाचा गुण आणि औषधाचा त्रास दोन्ही एकत्र आहेत. हे कोयनेल, म्हणजेच क्विनीन, सिंकोनाच्या सालीतून मिळणारे द्रव्य होय.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) सिंकोनाच्या सालीचा औषध म्हणून झालेला प्रवास मात्रेच्या प्रश्नाच्या अनुषंगाने मांडणे, (२) तिच्या अपायांविषयीचे ज्ञान कोणत्या टप्प्यांनी वाढले, हे पाहणे, (३) पारंपरिक वनौषधींच्या आजच्या वापरासंबंधी या इतिहासातून मिळणारा बोध स्पष्ट करणे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून उपलब्ध दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. आख्यायिका आणि पुरावा

सिंकोना हे रुबिएसी कुलातील वृक्षांचे एक प्रजातीनाम आहे. कॉफीचे झाड याच कुलातील होय. अँडीजच्या पूर्व उतारावरील दमट व थंड अरण्यांत, कोलंबियापासून बोलिव्हियापर्यंत, या प्रजातीतील निरनिराळ्या जाती आढळतात. लिनीअस याने १७४२ साली या प्रजातीस ‘सिंकोना’ हे नाव दिले. त्यामागे एक प्रसिद्ध आख्यायिका होती. पेरूचा स्पॅनिश व्हाइसरॉय, चिंचोनचा काउंट, याची पत्नी लिमा येथे ज्वराने आजारी पडली, लोखा प्रांताच्या अधिकाऱ्याने पाठविलेल्या सालीने ती बरी झाली आणि मग तिने ते औषध स्पेनमध्ये नेऊन गोरगरिबांत वाटले, अशी ती कथा. सेबास्तियानो बादो या इटालियन वैद्याने १६६३ साली ती ग्रंथबद्ध केली आणि पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे ती इतिहास म्हणून सांगितली गेली.

१९४१ साली ए. डब्ल्यू. हॅगिस या संशोधकाने या कथेची मूळ कागदपत्रांच्या आधारे छाननी केली. या व्हाइसरॉयची पहिली पत्नी तो पेरूला जाण्यापूर्वीच, १६२५ साली, स्पेनमध्ये वारली होती. दुसरी पत्नी त्याच्यासोबत लिमा येथे होती. परंतु ती मायदेशी परतताना १६४१ साली कार्ताहेना येथे मृत्यू पावली, म्हणजे तिने साल स्पेनला नेली हे संभवत नाही. लिमा येथील तत्कालीन अधिकृत रोजनिशीत व्हाइसरॉयच्या स्वतःच्या ज्वराची व त्यासाठी केलेल्या रक्तमोक्षणाची नोंद आहे. सालीचा उल्लेख मात्र नाही.

ही कथा खोटी ठरल्याने काय बिघडले, असे कोणी विचारील. आख्यायिकेत एक मोठी व्यक्ती, एकच मात्रा आणि तत्काळ गुण एवढेच असते. किती रुग्णांना साल दिली, किती बरे झाले, किती झाले नाहीत, याला तेथे स्थान नसते. आजच्या औषधांच्या जाहिरातींतही हीच रचना दिसते. म्हणूनच औषधाच्या इतिहासात आख्यायिका बाजूला सारून पुराव्याकडे वळणे आवश्यक ठरते.

सालीविषयीच्या जुन्या छापील उल्लेखांपैकी एक आंतोनिओ दे ला कालांचा या ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मोपदेशकाच्या १६३८च्या ग्रंथात आढळतो. लोखा परिसरातील ‘ज्वरवृक्षा’ची दालचिनीच्या रंगाची साल कुटून, दोन छोट्या नाण्यांच्या वजनाइतके चूर्ण पेयातून दिले असता तृतीयक म्हणजे एक दिवसाआड येणारे ज्वर बरे होतात, असा त्याचा आशय आहे. येथे रोगाचा प्रकार आणि चूर्णाचे वजन या दोन्ही गोष्टी आल्या आहेत, हे विशेष. ही नाणी म्हणजे स्पॅनिश रेआल असून दोन रेआलांचे वजन ७ ग्रॅमच्या आसपास भरते. स्थानिक जाणकारांकडून आलेल्या ज्ञानात मात्रेचे भान होते, असे यावरून म्हणता येते. हे स्थानिक ज्ञान नेमके हिवतापाविषयीचे होते काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे. हिवतापाचे घातक स्वरूप युरोपीय व आफ्रिकी लोकांच्या आगमनानंतरच अमेरिका खंडात पोहोचले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्यामुळे जुन्या जगाचा रोग आणि नव्या जगाची साल यांची भेट स्पॅनिश राजवटीतच झाली असावी.

२. एकच वजन, भिन्न औषध

जेझुइट धर्मसंघाच्या जाळ्यातून ही साल लिमाहून रोमला पोहोचली. कार्डिनल हुआन दे लूगो याने तिचा पुरस्कार केला आणि १६४९ साली रोममध्ये ती वापरण्यासंबंधीचे एक सूचनापत्रक छापले गेले. दोन ड्राम चूर्ण तीव्र मद्यात घालून ज्वराची पाळी येण्यापूर्वी द्यावे, असे त्यात सांगितले होते. दोन ड्राम म्हणजेही सुमारे ७ ग्रॅमच. अँडीजमधील दोन नाण्यांचे वजन रोममध्ये दोन ड्राम होऊन आले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

तथापि वजन तेच राहिले तरी औषध तेच राहिले नाही. सिंकोनाच्या निरनिराळ्या जातींच्या सालीत क्विनीनचे प्रमाण शेकडा १ पेक्षाही कमी असू शकते आणि उत्तम जातीत ते शेकडा १० पेक्षाही अधिक भरते. म्हणजे ७ ग्रॅम चूर्णातून एका रुग्णास ७० मिलिग्रॅम क्विनीन मिळेल, तर दुसऱ्यास ७०० मिलिग्रॅम. आधुनिक उपचारात प्रौढ रुग्णास क्विनीन सल्फेटची साधारणतः ६०० मिलिग्रॅमची मात्रा दर आठ तासांनी, सात दिवस दिली जाते. हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळी एकाच वैद्याला आज गुण व उद्या अपयश का येत होते, याचा उलगडा होतो. शिवाय मागणी वाढताच भेसळ सुरू झाली. अन्य झाडांच्या साली कोरफडीच्या कडू अर्कात भिजवून सिंकोना म्हणून विकल्या जात. कडूपणा हीच अस्सलपणाची खूण मानणाऱ्या ग्राहकाला फसविणे सोपे होते. नावाचाही घोळ होताच. ‘किनाकिना’ हे नाव मुळात पेरू बाल्सम देणाऱ्या वेगळ्याच वृक्षाचे होते. ते पुढे सिंकोनाला चिकटले.

इंग्लंडसारख्या प्रॉटेस्टंट देशात ‘जेझुइटांची पूड’ म्हणून तिच्याविषयी धार्मिक संशयही होता. या संशयाचा लाभ रॉबर्ट टॅल्बर या चतुर गृहस्थाने घेतला. १६७२च्या आपल्या पुस्तकात त्याने या पुडीच्या धोक्यांविषयी लोकांना सावध केले आणि स्वतःचे गुप्त औषध पुढे केले. त्याच्या औषधाने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स बरा झाला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या युवराजालाही गुण आला. लुईने ते रहस्य विकत घेतले आणि टॅल्बरच्या मृत्यूनंतर १६८२ साली ते प्रसिद्ध केले. त्या गुप्त औषधाचा मुख्य घटक सिंकोनाची सालच होती! टॅल्बर लबाड होता यात शंका नाही. पण मद्यात मुरविलेली साल तो थोडी थोडी व वारंवार देत असे. त्याचे यश औषधाच्या नावीन्यात नसून देण्याच्या रीतीत होते. दरम्यान १६७७च्या लंडन औषधकोशात सालीचा समावेश झाला होता.

३. कोणत्या ज्वरावर?

मात्रेइतकाच महत्त्वाचा प्रश्न रोगनिश्चितीचा होता. सतराव्या शतकात ज्वर हाच एक रोग मानला जाई. त्यामुळे साल विषमज्वर, क्षय, आमांश अशा कोणत्याही कारणाने आलेल्या तापावर दिली जाई आणि गुण न आल्यास दोष सालीला लागे. इटलीतील मोडेना येथील वैद्य फ्रान्चेस्को तोर्ती याने १७१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गोंधळावर उपाय सुचविला. पाळीने येणाऱ्या ज्या ज्वरांवर साल लागू पडते ते आणि ज्यांवर ती लागू पडत नाही ते, असे ज्वरांचे वर्गीकरण त्याने एका वृक्षाच्या चित्राद्वारे दाखविले. सालयुक्त फांद्या सालीने बरे होणाऱ्या ज्वरांच्या, तर सोललेल्या फांद्या अन्य ज्वरांच्या. औषधाने येथे रोगाची व्याख्या करण्यास मदत केली. आयुर्वेदातही पाळीच्या ज्वरांचे तृतीयक, चतुर्थक असे भेद प्राचीन काळापासून आहेत; तेव्हा तोर्तीचा मुद्दा आपल्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही.

झाडाचे शास्त्रीय वर्णन याच्याही नंतरचे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ ला काँदामीन याने १७३७ साली लोखा येथे जाऊन ते वृक्ष पाहिले आणि १७३८ साली त्यांचे वर्णन पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर आले. म्हणजे शंभर वर्षे युरोपने एक साल पोटात घेतली. तिचे झाड कसे दिसते, हे मात्र त्यानंतर समजले.

जर्मन वैद्य हानेमान याने १७९० साली निरोगी असताना स्वतःवर केलेला प्रयोगही येथे नमूद करणे आवश्यक आहे. त्याने दिवसातून दोनदा प्रत्येकी चार ड्राम उत्तम प्रतीची साल काही दिवस घेतली. त्याला हातपाय गार पडणे, छातीत धडधड, थरथर अशी लक्षणे जाणवली. त्यावरून त्याने ‘समानाने समानाचे शमन’ हा होमिओपॅथीचा सिद्धान्त मांडला. तो सिद्धान्त मान्य असो वा नसो, रोमच्या सूचनापत्रकाच्या दुप्पट मात्रा निरोगी माणसाने दिवसातून दोनदा घेतली असता शरीर काय सांगते, याची ही एक बोलकी नोंद आहे.

४. सालीपासून क्विनीनपर्यंत

१८२० साली पॅरिसमधील पेल्त्ये व काव्हांतू या दोन औषधशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनीन आणि सिंकोनीन ही दोन अल्कलॉइडे वेगळी काढली. पुढे क्विनिडीन व सिंकोनिडीन यांची भर पडली. या घटनेचे महत्त्व केवळ रासायनिक नाही. आता वैद्य सालीचे वजन न करता औषधाचेच वजन करू शकत होता. दोन नाण्यांपासून सुरू झालेला मात्रेचा प्रश्न प्रथमच अचूकपणे सुटण्याची शक्यता निर्माण झाली.

या अचूकतेचा परिणाम आफ्रिकेतील नायजर नदीवरील मोहिमांत स्पष्ट दिसतो. १८४१च्या ब्रिटिश मोहिमेत ज्वराने अनेक युरोपीय मरण पावले. १८५४ साली डॉ. बेकी यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत सर्वांना ज्वर येण्यापूर्वीपासूनच क्विनीन नियमित दिले गेले. त्या मोहिमेत एकाही युरोपीय व्यक्तीचा मृत्यू झाला नाही. क्विनीनची ही उपयुक्तता साम्राज्यविस्ताराचे साधन बनली, हेही विसरता येणार नाही. एकाच औषधाने रुग्णाचे प्राण वाचविले आणि आफ्रिकेचा अंतर्भाग वसाहतवाद्यांसाठी खुला केला.

५. बियाणे, मळे आणि मद्रासचा आयोग

मागणी वाढल्याने अँडीजमधील वृक्षांची बेसुमार तोड झाली. ब्रिटिश व डच सरकारांनी आपापल्या वसाहतींत सिंकोना लावण्याचे ठरविले. १८६० साली क्लेमेंट्स मार्कम यांच्या योजनेनुसार रोपे व बियाणे हिंदुस्थानात आणण्याचे काम सुरू झाले. मार्कम यांनी स्वतः आणलेली रोपे जगली नाहीत. रिचर्ड स्प्रूस यांनी इक्वेडोरमधून मिळविलेल्या तांबड्या सालीच्या जातीने मात्र उटकमंड येथे मॅकायव्हर यांच्या देखरेखीखाली चांगले मूळ धरले. दार्जिलिंगजवळ मुंगपू येथेही मळे उभे राहिले. मुंबई इलाख्यात महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे असाच प्रयोग करण्यात आला. तो यशस्वी झाला नाही. आज धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या ठिकाणी एके काळी सरकारने सिंकोनाची आशा धरली होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

निलगिरीत रुजलेल्या तांबड्या सालीत एकूण अल्कलॉइडे भरपूर, परंतु त्यांत क्विनीनचा वाटा कमी आणि इतर तिघांचा अधिक होता. मग या इतर तीन अल्कलॉइडांचा हिवतापावर उपयोग होतो काय, हा व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. त्यासाठी १८६६ ते १८६८ या काळात मद्रास इलाख्यातील आयोगाने चारही अल्कलॉइडे रुग्णांना देऊन पाहिली. एकूण २,४७२ रुग्णांपैकी २,४४५ बरे झाले व २७ रुग्णांना गुण आला नाही. चारही द्रव्ये ज्वरनाशक आहेत, असा निष्कर्ष निघाला. एका काउंटेसच्या कथेपासून २,४७२ रुग्णांच्या नोंदीपर्यंतचे हे अंतर औषधाच्या इतिहासात फार मोलाचे आहे. अपयशी ठरलेल्या २७ जणांची संख्याही त्यात नोंदली गेली, हे अधिक मोलाचे.

तरीही या चाचणीची मर्यादा आज ध्यानात येते. तिचा मुख्य प्रश्न ताप थांबतो की नाही, हा होता. त्या चारांपैकी क्विनिडीन हे हृदयाच्या विद्युत्स्पंदनावर तीव्र परिणाम करते. हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्याचे साधनच तेव्हा अस्तित्वात नव्हते. जे मोजता येत नाही तो अपाय नोंदवहीत उतरत नाही, ही गोष्ट आजच्या ‘कोणताही दुष्परिणाम आढळला नाही’ या विधानांनाही लागू पडते.

मुंगपू येथे १८७०च्या दशकात साऱ्या अल्कलॉइडांचे स्वस्त मिश्रण तयार होऊ लागले. १८९२पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला क्विनीनची पुडी विकण्याची पद्धत सुरू झाली आणि ती पुढे अन्य प्रांतांतही पसरली. ठरावीक वजनाची, शुद्ध व स्वस्त पुडी खेड्यापर्यंत पोहोचणे ही मात्रेच्या इतिहासातील मोठी पायरी होती. परंतु एका पुडीने पूर्ण उपचार होत नसे आणि हिवतापग्रस्त जनतेच्या गरजेच्या मानाने हा पुरवठा तोकडाच राहिला.

डचांच्या यशामागील कहाणी अधिक करुण आहे. बोलिव्हियातील आयमारा जमातीचा मान्वेल इन्क्रा मामानी हा सालीचा अत्यंत जाणकार पारखी होता. कोणत्या झाडाची साल सर्वांत गुणकारी, हे तो नजरेने ओळखत असे. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यासाठी त्याने गोळा केलेले बियाणे १८६५ साली युरोपात पोहोचले. ब्रिटिश सरकारने ते नाकारले; डच सरकारने त्यातील सुमारे एक पौंड बियाणे घेऊन जावा बेटावर लावले. त्यातून वाढलेल्या झाडांच्या सालीत क्विनीनचे प्रमाण शेकडा १० च्याही वर गेले आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगातील क्विनीनचा ९० टक्क्यांहून अधिक पुरवठा जावातून होऊ लागला. या जातीला नाव मिळाले ते लेजरचे. मामानीला मात्र बोलिव्हियात अटक झाली, मारहाण झाली आणि त्यातच त्याचा अंत झाला. ज्या स्थानिक पारखीने सालीतील फरक प्रयोगशाळेशिवाय ओळखला, त्याच्या वाट्याला ज्ञानाचे श्रेयही आले नाही.

६. अपायांची नोंद

क्विनीन शुद्ध स्वरूपात व मोजून दिले जाऊ लागल्यानंतर अपायांचे चित्र स्पष्ट होत गेले. कर्णनाद, ऐकू कमी येणे, डोकेदुखी, मळमळ व दृष्टी अंधूक होणे या लक्षणसमूहास ‘सिंकोनिझम’ असे नाव आहे. उपचाराच्या नेहमीच्या मात्रेतही त्याची सौम्य लक्षणे दिसतात. कोयनेलने कान वाजतात, हा आपल्या आजोबा-पणजोबांचा अनुभव म्हणजे हाच सिंकोनिझम होय. मात्रा फार वाढल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते आणि हृदयाचे स्पंदन धोकादायक रीतीने बिघडू शकते. गर्भपातासाठी क्विनीनच्या मोठ्या मात्रा घेण्याच्या प्रयत्नांत स्त्रियांना अंधत्व व मृत्यू आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. क्विनीनमुळे शरीरात इन्शुलिनचा स्राव वाढून रक्तातील साखर एकाएकी खाली येते. गरोदर स्त्रियांना हा धोका विशेष असतो.

काही अपाय मात्रेवर अवलंबून नसतात. १८६५ साली व्हिपन या डॉक्टरने क्विनीन घेतल्यावर त्वचेखाली रक्तस्रावाचे डाग उठल्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. काही व्यक्तींच्या शरीरात क्विनीनच्या अल्प मात्रेनेही रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशींचा नाश होतो, हे पुढे स्पष्ट झाले. त्याचप्रमाणे हिवतापाच्या प्रदेशांत क्विनीन अनियमितपणे घेणाऱ्यांत तांबड्या रक्तपेशी फुटून लघवी काळसर होण्याचा ‘ब्लॅकवॉटर’ ज्वर आढळे. पूर्ण उपचार न करता अधूनमधून पुडी घेणे हे मुळीच न घेण्यापेक्षा सुरक्षित असेलच, असे नव्हे.

गुण व अपाय यांचे नाते किती निकटचे आहे, हे क्विनिडीनच्या उदाहरणावरून दिसते. वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाकडे १९१२ साली एक व्यापारी आला. आपल्या हृदयाचे अनियमित ठोके क्विनीन घेतल्यावर थांबतात, हे त्याने स्वतः पडताळले होते. वेंकेबाख यांनी १९१४ साली त्याची नोंद केली आणि १९१८ साली फ्रे यांनी या कामी क्विनिडीन अधिक प्रभावी असल्याचे दाखविले. हृदयावरील जो परिणाम हिवतापाच्या रुग्णात अपाय, तोच दुसऱ्या रुग्णात उपचार ठरला. आणि तेच क्विनिडीन क्वचित नवी, प्राणघातक अनियमितता निर्माण करते, हेही कालांतराने कळले.

७. वर्तमानकालीन संदर्भ

लाव्हरां यांनी १८८० साली हिवतापाचा परजीवी शोधला आणि रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात तो पाहिला. परजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन पचविताना निर्माण होणारे विषारी द्रव्य निरुपद्रवी करतो. क्विनीन या क्रियेत अडथळा आणते, असे आज मानले जाते. तोर्तीच्या वर्गीकरणामागील कारण अशा रीतीने स्पष्ट झाले : साल ‘तापावर’ नव्हे, तर एका विशिष्ट परजीवीवर काम करते.

२००५ साली आशियातील व २०१० साली आफ्रिकेतील मोठ्या चाचण्यांत गंभीर हिवतापात आर्टेसुनेटमुळे क्विनीनपेक्षा मृत्यू कमी होतात, असे दिसून आले. आशियातील चाचणीत मृत्यूचे प्रमाण २२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. त्यानंतर क्विनीनचे स्थान दुय्यम झाले. आर्टेसुनेटचे मूळ द्रव्यही चीनमधील एका पारंपरिक वनस्पतीतून आले आहे, ही बाब लक्षणीय होय. परंपरेला मात देणारे औषध दुसऱ्या परंपरेतूनच, परंतु त्याच कठोर चाचणीच्या मार्गाने आले.

पायात गोळे येण्यावर क्विनीन घेण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली मान्यता नसलेली क्विनीन उत्पादने बाजारातून काढण्याचा आदेश दिला. १९६९पासून तोपर्यंत त्यांच्याकडे गंभीर दुष्परिणामांच्या ६६५ नोंदी आल्या होत्या. त्यांत ९३ मृत्यू होते. मारक हिवतापात जो धोका पत्करणे योग्य, तोच धोका पायाच्या गोळ्यांसाठी पत्करणे योग्य नाही, असा या निर्णयाचा अर्थ आहे. सुरक्षितता हा औषधाचा स्थिर गुणधर्म नसून रोगाच्या तुलनेत ठरणारी गोष्ट आहे.

२०२० सालच्या साथीत हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. क्विनीनच्या रेणूशी रचनेने नाते सांगणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे कृत्रिम औषध कोविडवर लागू पडेल, अशी आशा निर्माण झाली. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील काही उच्चशिक्षित मंडळींनीही ते डॉक्टरांना न विचारता घरी आणून ठेवले होते. त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना त्याचा लाभ होत नसल्याचे दिसून आले. एका ज्वरावर गुणकारी म्हणून दुसऱ्या ज्वरावरही गुणकारी, ही तोर्तीपूर्व काळातील चूक तीनशे वर्षांनंतर आपणच केली. वर्गात इतिहास शिकविणाऱ्यांनी तरी हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) सिंकोनाची साल गुणकारी होती, हे स्थानिक जाणकारांना ज्ञात होते आणि त्या ज्ञानात मात्रेचाही समावेश होता. परंतु सालीतील द्रव्याचे प्रमाण अनिश्चित असल्याने ती विश्वासार्ह औषध होऊ शकली नाही. हे स्थान तिला रोगनिश्चिती, अल्कलॉइडांचे पृथक्करण आणि मोठ्या संख्येने ठेवलेल्या नोंदी यांमुळे मिळाले.

(२) ज्या गुणधर्मामुळे साल उपयोगी पडली त्याच गुणधर्मातून तिचे अपाय उद्भवतात. शरीरावर परिणाम करणारे पण अपाय मुळीच न करणारे वनौषध ही कल्पनाच या इतिहासाशी विसंगत आहे. योग्य रीतीने योजिलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि अयोग्य रीतीने योजिलेले औषधही विष होते, हा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विचार येथे तंतोतंत लागू पडतो. म्हणजेच आपली परंपराही ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ असे म्हणत नाही.

(३) शेकडो वर्षांचा वापर हा उपयोगाचा काही पुरावा ठरू शकतो. सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा ठरत नाही. प्लेटलेट पेशींचा नाश, हृदयावरील परिणाम वा रक्तशर्करेतील घट या गोष्टी परंपरेच्या नजरेस पडण्याजोग्या नव्हत्या. त्यासाठी मोजमापाची साधने व नोंदींची शिस्त आवश्यक होती.

(४) पारंपरिक ज्ञानाचा आदर म्हणजे त्याची चिकित्सा टाळणे नव्हे. मामानीसारख्या जाणकाराचे श्रेय मान्य करणे आणि त्याने ओळखलेल्या सालीची कसून तपासणी करणे, ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांस पूरक आहेत. सिंकोनाच्या इतिहासात पहिल्या कर्तव्याची उपेक्षा झाली. आज बाजारात येणाऱ्या अनेक वनौषधींच्या बाबतीत दुसऱ्याची उपेक्षा होत आहे.

विद्यार्थ्यांनी किंवा सहकाऱ्यांनी एखाद्या वनौषधीची पुडी दाखवून ‘हे घ्यायला हरकत नाही ना?’ असे विचारले, तर इतिहासाच्या अध्यापकाने वैद्यकीय सल्ला देणे उचित नाही. तो डॉक्टरांचा अधिकार आहे. मात्र कोणत्या आजारासाठी, किती प्रमाणात, आणि अपायांची नोंद कोणी ठेवली आहे, हे तीन प्रश्न विचारावयास शिकविणे त्याच्या अधिकारात निश्चितच येते. कोयनेलच्या कडू गोळीमागे असलेल्या चार शतकांच्या इतिहासाने हे प्रश्न आपल्याला दिले आहेत.